हातभर जागा

आभा गजभियेने उजव्या खांद्याची नुसती हूल दिली. समोरची मुलगी रिंगच्या दिशेने एक पाऊल मागे सरकली, आणि त्याच क्षणी आभा डाव्या पायावर थबकून उलटी मागे उडाली. चेंडू रिंगला न शिवता जाळीतून खाली आला. कोर्टाच्या कडेला बसलेल्या पंचवीस-तीस पोरांनी एकच आरोळी ठोकली. प्रणीत देवतळे मात्र तोंडात शिट्टी धरून तसाच उभा राहिला. वाजवायचं भान त्याला राहिलं नाही.

ती उडी त्याची होती. त्याच्यासारखी नव्हे, त्याचीच. उडण्याआधी नाकाने ओढलेला तो छोटा श्वास, डावं कोपर अंगाशी आणून सोडणं, मानेचा उजवीकडे किंचित झोक, सगळं जसंच्या तसं. एके काळी वर्तमानपत्रं त्या उडीला 'देवतळे पाऊल' म्हणायची.

"सर, सेम टु सेम तुम्ही!" एक मुलगा ओरडला.

"सेम काय रे? सर सहा फूट दोन इंच होते. ही पाच-पाच. हीच भारी!" दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

प्रणीत हसला. हसताना आपला जबडा दुखतोय, हे त्याच्या लक्षात आलं.

प्रणीत एकेचाळीस वर्षांचा होता. नागपुरातल्या या अकादमीत तो मुलामुलींना बास्केटबॉल शिकवायचा. डावा गुडघा कामातून गेल्यापासून तो स्वतः खेळत नव्हता. शेवटच्या दोन हंगामांत, म्हणजे २०३२-३३ साली, एका संशोधन प्रकल्पासाठी त्याच्या अंगावर अठ्ठेचाळीस ठिकाणी संवेदक चिकटवले होते. कुठला स्नायू, नेमका कधी, किती जोराने आवळतो, याची ती नोंद होती. त्या नोंदीला डॉ. शहाना काझींनी नाव दिलं होतं 'स्नायूलेख'. तेव्हा त्या नोंदीचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बारा वर्षांनी ते डॉ. काझींनीच शोधून काढलं.

त्यांनी एक काळी लेगिंग आणि एक घट्ट बनियन तयार केलं, आत विजेचे केसासारखे धागे विणलेले. खेळाडूने ते घालायचं आणि कोर्टावर उतरायचं. योग्य क्षण आला, की ते धागे लेखाप्रमाणे त्या त्या स्नायूला अगदी हलका झटका देत. लहान मुलाचा हात धरून आपण पाटीवर अक्षर गिरवून घेतो ना, तसंच ते गिरवणं. पहिले पंधरा दिवस हालचाल लेगिंगच करून घ्यायची. मग रोज थोडाथोडा प्रवाह कमी करत न्यायचा. सहाव्या आठवड्यात प्रवाह शून्यावर यायचा आणि अंग आपणहून ती हालचाल करू लागायचं. लहान मेंदूत एकदा बसलेली गोष्ट सहजासहजी पुसली जात नाही. सायकल चालवायला माणूस विसरत नाही, तसंच हे.

प्रणीत त्या पावलापर्यंत एकवीस वर्षं खेळून पोचला होता. आभाला सहा आठवडे लागले.

आणि पाऊल होतंही तसंच मोलाचं. जंप शॉट मारणाऱ्याला फार काही लागत नाही, हातभर जागा हवी असते, तीही अर्ध्या सेकंदापुरती. समोरचा बचावपटू चेंडू पाहतो, मेंदू ठरवतो, पाय हलतात, यात सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. त्यात त्याचं वजन टाचेवर गेलेलं असेल, तर आधी ते थोपवायचं आणि मग पुढे यायचं. म्हणून शूटर रिंगकडे धावल्याचं सोंग करतो, बचावपटू मागे हटतो आणि त्याची टाच टेकते त्याच क्षणी शूटर उलटा फिरतो. दोघंही एकमेकांपासून लांब जात असतात, त्यामुळे मधली जागा दुपटीने उघडते. मेख एवढीच, की धावता माणूस थांबायचा म्हटला तर आधी गुडघ्यातून वाकतो, कंबर खाली जाते. चांगला बचावपटू चेंडूकडे बघतच नाही, तो कंबरेकडे बघतो.

प्रणीतची कंबर खाली जायचीच नाही. ताठ पायावर तो गपकन थांबायचा. त्यामुळे तो कधी थांबणार हे कुणालाच ओळखता यायचं नाही. आता आभाचंही ओळखता येईना. उंची कमी म्हणून दोन वर्षं निवडसमितीने जिला परत पाठवलं होतं, तिच्या हातातला चेंडू आता कुणी अडवू शकत नव्हतं. राष्ट्रीय शिबिराची निवड चाचणी बारा दिवसांवर आली होती.

संध्याकाळी घरी केतकी ओट्यापाशी उभी राहून फोनवर तोच शॉट बघत होती. प्रणीतची बायको केतकी कॉलेजात असताना उत्तम बचाव करायची. त्यांची ओळखच मुळी कोर्टावर, एकमेकांना अडवताना झाली होती.

"बघ ना, कसली उडते!" तिने तिसऱ्यांदा व्हिडिओ लावला. "बघतच राहिले मी, प्रणीत. तू असाच दिसायचास."

'दिसायचास.' तो शब्द त्याला लागला.

"यंत्राने करून घेतलंय ते. माकडाला घातली ती लेगिंग तरी उडेल," तो म्हणाला.

केतकीने फोन ओट्यावर पालथा ठेवला. "त्या पोरीचा एवढा राग का करतोस?"

"राग कशाला येईल मला?"

"तेच विचारतेय."

उत्तर त्याला ठाऊक होतं, पण ते ओठांवर आणण्यासारखं नव्हतं. टाळ्यांचं दुःख नव्हतं. आभा उडाली की त्याच्या स्वतःच्या पोटरीत ओढ यायची, अंग उडायला निघायचं आणि पाय जमिनीलाच राहायचा. आपलं हरवलेलं तारुण्य एका परक्या पोरीच्या अंगावर रोज सकाळी खेळताना बघायचं आणि वर शाबासकी द्यायची!

दुसऱ्या दिवसापासून त्याने तिच्यात खोड्या काढायला सुरुवात केली. पासला उशीर करतेस म्हणाला. नजर चुकीकडे आहे म्हणाला. एकदा तर तिच्यासमोर दोन दांडगे पोरगे उभे केले, अंगावर जा म्हणून सांगितलं. तिने त्यांच्यावरूनही सहा शॉट घातले. सातव्याला धक्का लागून पडली, उठली आणि "सॉरी सर" म्हणाली. तिने सॉरी म्हटल्याचाही त्याला राग आला.

तिसऱ्या दिवशी सरावानंतर ती आपणहून त्याच्याजवळ आली. तो चेंडू जाळीत भरत होता.

"सर, एक विचारू? थांबायच्या क्षणी तुमच्या मनात काय यायचं हो? मला नुसतं पाऊल मिळालंय. आत काय चालतं ते नाही मिळालं."

"काही नाही. खेळताना कोण विचार करतं?"

ती घुटमळली. "अजून एक होतं. डाव्या गुडघ्यात, इथे आतल्या बाजूला... सकाळी जिना उतरताना काहीतरी अडकतं. मग कट् करून सुटतं."

प्रणीतचा हात जाळीवरच थांबला. तो 'कट्' त्याच्या चांगलाच ओळखीचा होता. बारा वर्षं तो त्याच्यासोबत जिने उतरत होता.

"दुखतं का?" त्याने विचारलं.

"थोडं. काझी मॅडमना सांगू?"

आणि तो म्हणाला, "होतं तसं. बर्फ लाव. मॅडमना सांगितलंस तर नऊ दिवसांवर चाचणी असताना बाजूला बसवतील तुला. बघ बाई, तुझं तू ठरव."

"नाही सांगत. थँक यू, सर," ती मनापासून म्हणाली. "तुम्हीच एकटे मला काय ते स्पष्ट सांगता."

ती निघून गेली. प्रणीतच्या छातीत कितीतरी दिवसांनी गार वाटलं. त्या गारव्याची त्याला मागाहून आयुष्यभर लाज वाटली, पण त्या क्षणी तो खरा होता.

खरी गोष्ट अशी होती. २०३२ साली, स्नायूलेख घ्यायला सुरुवात होण्याच्या महिनाभर आधी, प्रणीतच्या डाव्या गुडघ्यातली गादी फाटली होती. कुणाला कळू नये म्हणून त्याने रायपूरला जाऊन एमआरआय काढला. तिथले डॉक्टर म्हणाले, खेळ थांबवा. तो होता एकोणतीस वर्षांचा, संघातली जागा जेमतेम टिकून होती. त्याने ती फिल्म बुटांच्या खोक्यात घातली आणि प्रकल्पाच्या फॉर्मवर लिहून दिलं, 'कुठलीही दुखापत नाही.' गुडघा वाकवला की कळ यायची, म्हणून तो वाकवणंच त्याने सोडलं. ज्या पावलाचं पेपरांनी कौतुक केलं, ते खरं तर एक लंगडणं होतं. आणि आत मनात काय यायचं? एवढंच, की आता दुखणार आहे, लवकर हवेत जा.

पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात गुडघा दगा देऊन गेला. फरशी ओली होती, असं त्याने सांगितलं. फरशी पुसणाऱ्या बावणेकाकांची नोकरी गेली.

तीन दिवसांनी त्याने आभाला व्यायामशाळेच्या जिन्यावरून उतरताना पाहिलं. कठडा धरून, अंग आडवं करून, एकेक पायरी. हुबेहूब त्याच्यासारखी. हेही लेखातूनच आलं होतं की दुखण्यातून, कोण जाणे.

तो सरळ डॉ. काझींच्या प्रयोगशाळेत गेला.

"मॅडम, आभाला थांबवा. तिचा गुडघा जाईल."

डॉ. काझींनी चष्मा काढला. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या त्या. "कशावरून?"

"मला दिसतंय."

"प्रणीत, वाईट वाटून घेऊ नका, पण गेले काही दिवस तुम्ही तिच्याकडे ज्या नजरेने बघताय ना, ते सगळ्यांनाच दिसतंय. मी समजू शकते. माझी गोष्ट दुसऱ्या कुणी माझ्याहून बरी केली असती, तर मलाही ते जड गेलं असतं." त्या थांबल्या. "सांध्यांवरचा भार आम्ही गणिताने तपासलाय. लेख निरोगी गुडघ्याचा आहे, तुम्हीच लिहून दिलंय. त्याहून वेगळं काही सांगायचंय का?"

सांगायला एकच वाक्य होतं. ते वाक्य बाहेर पडलं असतं, तर देवतळे पाऊल गेलं असतं, अंतिम सामना गेला असता, अकादमीच्या भिंतीवरचा त्याचा फोटो गेला असता.

"नाही," तो म्हणाला आणि उठला.

घरी मात्र केतकीसमोर त्याला राहवलं नाही. जेवताना ताट बाजूला सारून त्याने सगळं सांगितलं. आभाला बर्फ लावायला सांगितलं, तेही. केतकी ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त मध्येच एकदा तिने डोळे मिटले.

"बावणेकाकांना मी त्या दिवशी सगळ्यांदेखत बोलले होते," शेवटी ती म्हणाली. "ते हात जोडून सांगत होते, ताई, मी दोनदा पुसली. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचं आयुष्य गेलं आणि तुम्ही पुसली म्हणता?"

तिने त्याचं ताट उचललं.

"ती फिल्म कुठे आहे?"

"जुन्या बुटांच्या खोक्यात."

"उद्या सकाळी घेऊन जा. मी येणार नाही बरोबर. एकट्याने जा."

सकाळी डॉ. काझींनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. मग संगणकापाशी बसून त्यांनी गणितातला गुडघा बदलला. निरोगी गुडघ्याच्या जागी फाटलेला घातला आणि सगळा हिशेब उलटा लावला: हा लेख कुठली कळ चुकवतोय, आणि ती चुकवताना भार कुठे ढकलतोय. पडद्यावर आभाच्या गुडघ्याचं चित्र होतं. आतला, दोन हाडं बांधून ठेवणारा एक बारीक दोर प्रत्येक उडीला तांबडा होत होता.

"ताठ पायाने थांबल्यामुळे मांडीच्या मागचे स्नायू झोपलेलेच राहतात," त्या म्हणाल्या. "सगळा झटका या एका दोरावर. एका उडीने काही होत नाही, म्हणून आम्हाला दिसलं नाही. कागद एकाच घडीवर पुन्हा पुन्हा दुमडत राहावा, तसं आहे हे."

"किती उड्या?"

"अडीचशे. कदाचित कमीच. रोज ऐंशी तरी मारते ती."

चाचणी पाच दिवसांवर होती.

"मग तिला सांगा, ते पाऊल वापरू नकोस."

"ती ते मुद्दाम वापरत नाही आता, प्रणीत. ते होतं. समोर माणूस उभा राहिला की आपोआप होतं. तेच तर आमचं यश होतं." डॉ. काझींनी पडदा बंद केला. "तुमचं पाऊल आणखी अकरा मुलांना दिलंय मी."

आभा कोर्टाच्या कडेला बुटाची नाडी बांधत होती. डॉ. काझींनी तिला गुडघ्याचं सांगितलं. बाकीचं प्रणीतने सांगितलं. ती ऐकता ऐकता नाडी बांधायची थांबली.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, बर्फ लाव."

"हो."

"तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मग का?"

उत्तरं बरीच होती. भीती होती, अब्रू होती, जुनं खोटं होतं. पण त्यांतलं एकच खरं होतं.

"जळत होतो. तुझ्यावर."

आभाने त्याच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांच्या त्या पोरीच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, पण आलं ते आश्चर्य. एवढा मोठा माणूस, आपल्यावर? मग हळूहळू रागही आला. तिने दोन्ही नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि मोज्यांवरच कोर्ट ओलांडून निघून गेली. चाचणीला अकादमीतून दुसरी मुलगी गेली.

प्रणीतला काढून टाकायची वेळच आली नाही, त्याने त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला. प्रकल्प थांबला, सगळे जुने लेख पुन्हा तपासायला घेतले. पाचपावलीत पत्ता काढत तो बावणेकाकांच्या घरी गेला. काका चार वर्षांपूर्वीच वारले होते. त्यांच्या मुलाने दारातच सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि दार लावून घेतलं. केतकी त्याच्याशी बोलायची, पण लागेल तेवढंच.

अडीच महिन्यांनी आभाचा निरोप आला. 'सोमवारी सकाळी सहाला कोर्टवर या.'

तो गेला. डॉ. काझीही होत्या. त्यांनी समजावून सांगितलं: अंगात बसलेला लेख पुसण्याचं यंत्र नाही. एकच उपाय आहे. ते पाऊल सुरू व्हायच्या बेतात असतानाच मोडायचं, हजारदा, तीन हजारदा, आणि त्या जागी दुसरं काही रुजू द्यायचं. पण संवेदकांना ते कळतं तोवर स्नायू आवळलेला असतो. त्याच्या आधी ओळखू शकेल असा एकच माणूस आहे.

"मला तुम्ही नको आहात," आभा त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली. 'सर' तिने म्हटलं नाही. "पण दुसरं कुणी नाहीये."

"हो," प्रणीत म्हणाला आणि गुडघ्याला पट्टा बांधून तिच्यासमोर उभा राहिला.

ती चेंडू आपटत यायची. समोर तो उभा असायचा, लंगडा आणि जाड झालेला. तिचं अंग त्याच्या पावलाकडे वळायला लागलं की त्याला ते तिच्याआधी कळायचं. तो ओरडायचा, "माझं!" ती तिथेच चेंडू सोडून द्यायची. पुन्हा मागे जायची, पुन्हा यायची. "माझं!" पुन्हा. पहिल्या दिवशी चाळीस वेळा आली आणि चाळीसही वेळा तो ओरडला. पहिल्या महिन्यात तिने एकही शॉट मारला नाही. बाकीची अकरा मुलंही येऊ लागली. तो पाळीपाळीने एकेकासमोर उभा राहायचा आणि दुपारी घरी येऊन पाय टबात बुडवून बसायचा. एकदा केतकीने न बोलता त्या टबात गरम पाणी ओतलं.

ऑक्टोबर गेला, थंडी आली नि गेली. 'माझं' कमी होत चाललं. दिवसाला तीस, मग बारा, मग आठवड्यातून चार.

मार्चमधल्या एका सकाळी आभा नेहमीसारखी आली. पण यावेळी ती जागा करायला गेलीच नाही. उलट त्याच्या अंगाशी येऊन उभी राहिली आणि मुद्दाम थांबली, इतकी जवळ की त्याला राहवेना. चेंडू हिसकावायला तो पुढे झुकला. तो झुकला मात्र, ती गुडघ्यांतून पार खाली बसली, अर्धं पाऊल बाजूला सरली आणि त्याच्या लांबवलेल्या हाताच्या पलीकडून, तिरकी होऊन उडाली. जागा तिने उघडली नव्हती. त्याच्याकडूनच उघडून घेतली होती. कंबर खाली गेलेली त्याला स्पष्ट दिसली होती, पण तोवर तो स्वतःच्याच पुढच्या पायावर अडकला होता.

चेंडू रिंगवर एकदा नाचला आणि आत पडला.

प्रणीत ओरडला नव्हता. ओरडायचं सुचलंच नव्हतं. असलं काही त्याने बावीस वर्षांच्या खेळात कधी केलं नव्हतं, धडधाकट असताना त्याला ते जमलंही नसतं. तेच जुनं जळणं आतून वर आलं. त्याने ते लगेच ओळखलं.

"काय झालं?" आभा चेंडू घेऊन परत आली होती, धापा टाकत. "ओरडला नाहीत. कुणाचं होतं?"

"तुझं," तो म्हणाला.

उभ्या जागी तिने चेंडू दोनदा जोरात आपटला, आणि हसू आवरायला खालचा ओठ दातांत धरला.

प्रणीतने गुडघ्याचा पट्टा एक घर आवळला, पाय फाकवून बचावाला वाकला, दोन्ही हात पसरले.

"चल, ये," तो म्हणाला. "या खेपेला नाही जाऊ देत."